कोलेस्टेरॉल कमी आले म्हणून पेढे वाटण्यापूर्वी



गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या चांदनी-नेपानगर भागात दोन प्रकारच्या रक्ततपासण्या बरोबरीने सुरू आहेत. पहिली सरकारी. आशाताई आणि आरोग्य केंद्राची मंडळी पाड्यापाड्यावर, शाळेत, आश्रमशाळेत जाऊन बोटातून थेंबभर रक्त घेतात आणि सिकलसेल आहे की नाही ते पाहतात. दुसरी खासगी. बऱ्हाणपूरच्या किंवा भुसावळच्या लॅबचा मुलगा सकाळी उपाशीपोटी घरी येऊन रक्त नेतो आणि संध्याकाळी मोबाइलवर साठ-सत्तर आकड्यांचा रिपोर्ट पाठवतो. पहिली तपासणी आदिवासी बांधवांची, दुसरी आपली, अशी आपण मनाशी वाटणी करून टाकली आहे. ही वाटणी चुकीची आहे असे आमचे मत झाले आहे, आणि ते कसे झाले ते सांगण्यासाठीच हा लेख.

आम्ही डॉक्टर नाही. बी.कॉम. करून बँकेत लागलो आणि छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका शोधण्यात घालवली. रिपोर्ट वाचताना आम्हाला आकड्यांची भीती वाटत नाही, एवढेच आमचे भांडवल. औषधोपचाराबाबत अखेरचा शब्द डॉक्टरांचाच, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या ओळखीतल्या एका घरी हे घडले. घरच्यांची परवानगी घेऊन, पण ओळख पटू नये इतपत बदल करून सांगतो. मुलगा सव्वीस वर्षांचा, नोकरीला लागलेला, लग्न ठरलेले. वडिलांना हृदयविकाराचा त्रास, म्हणून लग्नाआधी घरातल्या सगळ्यांचे ‘फुल बॉडी’ पॅकेज केले. मुलाचा रिपोर्ट आला: एकूण कोलेस्टेरॉल १०४, एचडीएल ३१, ट्रायग्लिसराइड १६५, एलडीएल ४०. वडिलांचे एलडीएल औषध घेऊनही शंभराच्या वर, आणि पोराचे चाळीस! घरात आनंदीआनंद. आई म्हणाली, माझ्या हातच्या स्वयंपाकाचा गुण. रिपोर्टच्या पहिल्या पानावर हृदयाचे हिरवे चित्रही होते. तिसऱ्या पानावर हिमोग्लोबिन ८.९ होते, त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. पाहिले असते तरी ‘थोडं रक्त कमी आहे, बीट खा’ एवढ्यावर विषय संपला असता. लहानपणापासून त्याचे हातपाय दुखायचे तो वात समजला जाई. दोन-तीन वेळा डोळे पिवळे झाले तेव्हा कावीळ म्हणून झाडपाल्याचे औषध झाले होते.

पुढे त्याच्या कार्यालयाजवळ सिकलसेलचे शिबिर लागले. सगळे रांगेत उभे राहिले म्हणून हाही राहिला. तपासणी सकारात्मक आली. मग एचपीएलसी नावाची पक्की तपासणी झाली आणि निदान झाले सिकलसेल आजाराचे. वाहक नव्हे, आजार. घर आदिवासी नाही. आईवडील दोघेही वाहक होते आणि दोघांनाही साठीच्या उंबरठ्यापर्यंत त्याचा पत्ता नव्हता.

त्यानंतर त्याच्या वडिलांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. आजार एवढा मोठा, मग कोलेस्टेरॉल इतके चांगले कसे? प्रश्न साधा होता. आम्ही तो दोन डॉक्टरांना विचारला, आणि मिळेल ते वाचले.

आपल्या मध्य प्रदेशात होशंगाबादला, म्हणजे आताच्या नर्मदापुरमला, नोटांचा कागद तयार होतो आणि देवासला नोटा छापल्या जातात. समजा, चांगली नोट बाजारात १२० दिवस टिकते. काही कारणाने नोटा पंधरा-वीस दिवसांतच फाटू लागल्या तर काय होईल? देवासचा छापखाना रात्रंदिवस चालेल, तरी बाजारात नोटा कमीच पडतील, आणि कागदाच्या गोदामातला साठा खाली जाईल. बाहेरून पाहणारा म्हणेल, वा, साठा किती आटोक्यात ठेवलाय! प्रत्यक्षात तो आटोक्यात ठेवलेला नाही, ओरबाडला गेला आहे.

शरीरात नेमके असेच होते. तांबडी रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णात ती विळ्यासारखी वाकते आणि १० ते २० दिवसांत फुटते. थॅलेसेमियात तर पुष्कळशा पेशी हाडांच्या मगजातून बाहेर पडण्यापूर्वीच मरतात. तूट भरून काढण्यासाठी मगज अनेक पटींनी काम करतो. प्रत्येक नव्या पेशीला आवरण लागते आणि त्या आवरणाचा मोठा भाग कोलेस्टेरॉलचा असतो. तयार झालेली तांबडी पेशी स्वतः कोलेस्टेरॉल बनवू शकत नाही, तिला ते बाहेरूनच घ्यावे लागते. म्हणून रक्तातले एलडीएल खर्ची पडत राहते. शिवाय फुटलेल्या पेशींचा कचरा उचलणाऱ्या प्लीहेतल्या आणि यकृतातल्या पेशीही एलडीएल ओढून घेतात. पंडुरोगात रक्तातल्या पाण्याचा भाग वाढतो, त्यामुळे सगळेच पातळ होते. या सगळ्याची गोळाबेरीज म्हणजे तो १०४ चा आकडा.

पंडुरोग्यांचे कोलेस्टेरॉल कमी असते ही गोष्ट वैद्यकाला शंभर वर्षांपासून माहीत आहे. सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांवर निरनिराळ्या देशांत झालेल्या अभ्यासांतही पुन्हा पुन्हा तेच दिसले आहे: एकूण कोलेस्टेरॉल कमी, एलडीएल कमी, बहुधा एचडीएलही कमी. ट्रायग्लिसराइड मात्र बऱ्याच रुग्णांत चढे. खरी गंमत, किंवा खरी काळजी, या शेवटच्या आकड्यात आहे.

सन २०१० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी सिकलसेलच्या रुग्णांच्या रक्तातील चरबीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे ट्रायग्लिसराइड जास्त, त्यांच्यात पेशी फुटण्याचे प्रमाणही जास्त आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेला असण्याची शक्यताही जास्त, असे त्यांना आढळले. म्हणजे कोलेस्टेरॉलचा आकडा खाली आणि ट्रायग्लिसराइडचा वर, ही जोडी त्या रुग्णात आनंदाची बातमी नाही. आमच्या ओळखीतल्या मुलाचे १६५ हे सर्वसाधारण माणसात ‘थोडे जास्त, गोड कमी करा’ म्हणण्यासारखे आहे. पण शेजारी हिमोग्लोबिन ८.९ आणि एलडीएल ४० असताना त्याच १६५ चा अर्थ बदलतो. बँकेत एकटा आकडा कधी खोटे बोलत नसतो. शेजारच्या रकान्याशी ताडून पाहिला की मग तो बोलायला लागतो.

रिपोर्टमधल्या एलडीएलबद्दल बी.कॉम. झालेल्या मंडळींना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. बहुतेक लॅबमध्ये एलडीएल मोजलेच जात नाही. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा, उरले ते एलडीएल. आपल्या उदाहरणात १०४ वजा ३१ वजा ३३, बाकी ४०. हे सूत्र १९७२ सालचे आहे आणि फ्रिडवाल्ड या संशोधकाच्या नावाने ओळखले जाते. म्हणजे एलडीएल ही ताळेबंदातली शिल्लक रक्कम झाली. वरच्या तीनपैकी एका आकड्यात गडबड असेल तर ती सगळी या शिल्लकेत येऊन बसते. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे सूत्र लावायचेच नसते, आणि एलडीएल फार कमी असतानाही ते फारसे भरवशाचे राहत नाही. अशा वेळी एलडीएल प्रत्यक्ष मोजून घेण्याची सोय असते. आम्ही हे डॉक्टरांना सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, तुम्ही लोक निवृत्त झालात तरी ऑडिट सोडत नाही.

इथे एक खबरदारीची सूचना द्यायलाच हवी, नाहीतर हा लेख वाचून उद्या सकाळी अर्धे चांदनी एचपीएलसी करायला धावेल. कोलेस्टेरॉल कमी म्हणजे सिकलसेल, असे मुळीच नाही. थायरॉइड जास्त काम करत असेल, यकृताचा आजार असेल, मोठा संसर्ग झाला असेल, पोटाला नीट मिळत नसेल, तरीही ते कमी येते. काही निरोगी माणसांचे ते मुळातच कमी असते. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर कमी यायलाच पाहिजे. मात्र कोलेस्टेरॉल कमी, हिमोग्लोबिनही कमी, डोळे मधूनमधून पिवळे, सांधे-हाडांच्या वेदना किंवा वाढलेली पानथरी, यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या तर तो रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जायचे. शेजाऱ्यांना दाखवायला नाही.

आता सरकारी मोहिमेकडे येतो. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यात, शहडोल येथे, पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ केला. सतरा राज्यांतल्या आदिवासीबहुल भागांत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवायचा, असे उद्दिष्ट आहे. त्याआधी २०२१ मध्ये राज्य सरकारने झाबुआ आणि अलीराजपूर या दोन जिल्ह्यांत असेच काम हाती घेतले होते. २०२५ च्या मध्यापर्यंत देशात सहा कोटींच्या आसपास तपासण्या झाल्याचे आणि त्यांत दोन लाखांवर रुग्ण व सोळा लाखांवर वाहक सापडल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. भागाकार करून पाहिला तर तपासलेल्या दर छत्तीस-सदतीस माणसांमागे एक वाहक येतो.

हे काम मोठे आहे, ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. भारतात हा आजार आहे हे पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत दिसून आले. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या वाहकांविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. पुण्याच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळाचे डॉ. सुदाम काटे यांनी सातपुड्याच्या आपल्यासारख्याच कुशीत, धडगावकडच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत, हयातभर हेच काम केले आणि त्यांना पुढे पद्मश्रीही मिळाली. तेव्हा गाडीभाडे पदरचे घालून जे चालत होते ते आज सरकारी खर्चाने घरपोच होते आहे.

पण मोहिमेच्या चौकटीत दोन फटी राहतात. एक, चाळीस वर्षांच्या वरचे लोक मुख्य उद्दिष्टात नाहीत. हेतू समजण्यासारखा आहे. लग्न आणि मुले होण्याच्या वयाची माणसे आधी. पण हायड्रॉक्सीयुरिया नावाच्या औषधाने, जे आता सरकारी दवाखान्यातही मिळते, आणि वेळेवर मिळणाऱ्या उपचारांनी सिकलसेलचे रुग्ण पूर्वीपेक्षा जास्त जगतात. आपल्या भागातल्या सिकलसेलमध्ये बाळपणीच्या हिमोग्लोबिनचे प्रमाण टिकून राहण्याचा गुण असल्याने तो आफ्रिकेतल्यापेक्षा बहुधा सौम्य असतो, जरी विदर्भात तीव्र रुग्णही बरेच आहेत. म्हणजे पन्नाशी-साठीला पोचलेले, निदान न झालेले रुग्ण आपल्यात असू शकतात. या वयात त्यांना हृदय, मूत्रपिंड, साखर यांच्या तपासण्या सुरू होतात. आणि त्या तपासण्यांचे ‘नॉर्मल’ हे ज्यांच्या पेशी १२० दिवस जगतात त्यांच्यासाठी ठरवलेले असते.

दुसरी फट जातीची. सिकलसेल आदिवासींचा, थॅलेसेमिया सिंधी-पंजाबी मंडळींचा, असे बऱ्हाणपुरात सर्रास बोलले जाते. कोरकू, भिल्ल, बारेला बांधवांत सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे हे खरे. मध्य भारतातल्या काही आदिवासी समाजांत वाहक दहा टक्क्यांपासून तीस-पस्तीस टक्क्यांपर्यंत आढळतात. पण विदर्भात अनुसूचित जातींत आणि कुणबी, तेली यांसारख्या समाजांतही तो आहेच. आपली कुटुंबे कुठून आली? कोणी नेपा मिलच्या नोकरीसाठी, कोणी चांदनीच्या वीजघराच्या कामासाठी, कोणी रेल्वेत, कोणी केळीच्या शेतीसाठी. खानदेश, विदर्भ, निमाड अशा तिन्ही बाजूंनी आलो आणि इथे तीन-चार पिढ्या सोयरिकी करत राहिलो. रक्ताने जिल्ह्याच्या सीमा पाळल्या असतील असे समजण्याचे काही कारण नाही.

साखरेच्या तपासणीचा उल्लेख वर आला. ज्येष्ठ सभासदांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. एचबीए१सी नावाची तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी आपल्यातल्या निम्म्या घरांत होते. ती साखर मोजते तांबड्या पेशींवर चिकटलेली. पेशी तीन-चार महिने फिरली तर तिच्यावर तेवढी साखर चढते. पंधरा-वीस दिवसांतच फुटली तर चढायला वेळच मिळत नाही. मग मधुमेह असूनही आकडा ५.४ येतो आणि माणूस जिलेबीचे दुसरे ताट घेतो. आणि बऱ्हाणपूरची मावा जिलेबी समोर असताना नाही म्हणणे किती अवघड असते ते आम्ही जाणतो. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा आजार असलेल्यांनी या तपासणीवर विसंबू नये. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहावी, डॉक्टर सांगतील तर फ्रुक्टोसामाइन करावे. नुसत्या वाहकांतही हा आकडा काही वेळा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. अमेरिकेत २०१७ मध्ये कृष्णवर्णीय वाहकांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तसे आढळले.

थॅलेसेमियाचे गणित आणखी निराळे आहे. त्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि प्रत्येक पिशवीबरोबर लोह शरीरात येऊन साठते. यकृतात साठते, ग्रंथींत साठते, हृदयात साठते. या रुग्णांत मृत्यूचे सर्वांत मोठे कारण पूर्वीपासून हृदय हेच राहिले आहे. कोलेस्टेरॉल कमीत कमी आणि तरीही हृदय निकामी! तुपाने नव्हे, लोहाने. म्हणून त्यांच्या बाबतीत पाहण्याचा आकडा फेरिटिनचा, आणि लोह बाहेर काढणारे औषध एक दिवसही चुकवायचे नाही.

याच्या बरोबर उलट गोष्ट थॅलेसेमियाच्या वाहकांची. वाहक हा आजारी नसतो. इटलीच्या सार्डिनिया बेटावर असे वाहक फार आहेत. तिथल्या लोकांच्या जनुकांचा मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात या वाहकांचे एलडीएल इतरांपेक्षा कमी असल्याचे दिसले. काही अभ्यासांत वाहक पुरुषांना हृदयविकारही कमी झाल्याचे आढळले आहे. म्हणजे त्यांचे कमी कोलेस्टेरॉल बहुधा खरोखरच त्यांच्या पथ्यावर पडते. एकच आकडा, एका घरात चिंता आणि शेजारच्या घरात वरदान. या वाहकांचा खरा त्रास वेगळाच. त्यांचे हिमोग्लोबिन थोडे कमी असते, पेशी आकाराने लहान असतात, म्हणून दिसेल तो त्यांना लोहाच्या गोळ्या देतो. आमच्या नात्यातल्या एका वहिनींनी पंधरा वर्षे ‘रक्त वाढवायच्या’ गोळ्या, गूळ-शेंगदाणे आणि लोखंडी कढई असा सगळा मारा केला. हिमोग्लोबिन १०.५ चे १०.५. शेवटी कोणीतरी फेरिटिन तपासले. लोह भरपूर होते, वहिनी थॅलेसेमियाच्या वाहक निघाल्या. दोन्ही गोष्टी एकत्रही असू शकतात, म्हणून गोळी घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही. आधी फेरिटिन, मग गोळी, एवढेच.

घरच्या घरी करता येण्यासारखा एक भागाकार इथे देऊन ठेवतो. सीबीसीच्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही असतो आणि आरबीसी असतो. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर १३ च्या खाली आले तर थॅलेसेमियाच्या वाहकाची शंका घ्यायची, वर आले तर लोहाच्या कमतरतेची. १९७३ पासून डॉक्टर हा आडाखा वापरतात. आडाखाच तो, निदान नव्हे. पक्के उत्तर एचपीएलसीचे. सिकलसेलच्या वाहकासाठी हा भागाकार कामाचा नाही. त्याचा सीबीसी अनेकदा तुमच्याआमच्यासारखाच दिसतो.

खाण्यापिण्याबद्दल घरोघरी विचारले जाते म्हणून थोडक्यात. सिकलसेलच्या मुलाचे कोलेस्टेरॉल ‘वाढवण्यासाठी’ त्याला वाटीभर तूप पाजण्यात अर्थ नाही, कारण अडचण पुरवठ्याची नसून उधळपट्टीची आहे. आणि कमी आहे म्हणून शेव-कचोरीला मोकळे रान, असेही नाही. ट्रायग्लिसराइडवर नजर हवीच. त्याला सगळ्यांत जास्त लागते ते पाणी. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. त्या उन्हात केळीच्या बागेत काम करणाऱ्या बारेला मजुराला किंवा लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्या आपल्या पोराला, दोघांनाही शरीरातले पाणी कमी झाले की वेदनेचा झटका येऊ शकतो.

पैशाच्या बाजूचेही दोन शब्द, सवयीने. सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे दोन्ही आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत आहेत. प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ८०डीडीबीच्या उपचारखर्चाच्या वजावटीत थॅलेसेमिया नावाने आहे, सिकलसेल नावाने नाही. एकाच कुळातले दोन आजार, एकाला सवलत, दुसऱ्याला नाही. सिकलसेल गरिबाघरचा, गरीब आयकर कुठे भरतो, असा विचार झाला असेल कदाचित. आमच्या ओळखीतला तो मुलगा मात्र दर महिन्याला कर भरतो.

आता मंडळाचा विषय. वधू-वर परिचय मेळाव्याच्या अर्जात ‘सिकलसेल/थॅलेसेमिया: आहे, वाहक, नाही’ असा रकाना घालावा, अशी सूचना गेल्या बैठकीत आम्हीच मांडली होती. हिशेब सरळ होता. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. एक वाहक आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल तर आजारी मूल होतच नाही, फार तर वाहक होते. सिकलसेलचा रुग्ण आणि पूर्ण निरोगी जोडीदार, तर सगळी मुले वाहक, आजारी एकही नाही. इतके स्वच्छ गणित समोर असताना आपण गुण किती जुळतात ते पाहतो आणि हे पाहत नाही, याची आम्हाला चीड येत होती.

बैठकीत बरीच गरमागरमी झाली. कोणी म्हणाले, हे आपल्यात नसतेच. त्यांचे आम्ही मनावर घेतले नाही. पण एक ताई उठल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, मुलाच्या कागदावर ‘वाहक’ लिहिलं तर लोक म्हणतील औषध देऊ. मुलीच्या कागदावर लिहिलं तर तो कागद बाजूला पडेल. आणि तिच्या धाकट्या बहिणीचाही.” आम्ही घरी येऊन त्यावर दोन दिवस विचार केला. ताईंचे बरोबर होते. बँकेत खातेदाराची शिल्लक त्याच्या सख्ख्या भावालाही आम्ही कधी सांगितली नाही, आणि इथे समाजातल्या पोरींच्या रक्ताचा हिशेब छापून चारशे घरांत वाटायला निघालो होतो.

म्हणून ती सूचना आम्ही मागे घेतली आहे. तिच्याऐवजी अर्जात एकच ओळ असावी, असे पत्र कार्यकारिणीला दिले आहे: ‘उमेदवाराने एचपीएलसी तपासणी करून घेतली आहे काय? होय/नाही.’ निकाल लिहायचा नाही, मंडळाने तो मागायचा नाही. बोलणी पुढे गेली की दोन्ही घरांनी, साखरपुड्याच्या आधी, बंद पाकिटातले रिपोर्ट एकमेकांना दाखवायचे किंवा दोघांनी मिळून डॉक्टरांकडे न्यायचे. दोघेही वाहक निघाले तरी लग्न मोडलेच पाहिजे असे नाही. गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची तपासणी करता येते, आणि काय करायचे तो निर्णय त्या दोघांचा. मोहिमेतही तपासणीनंतर सल्ला आणि कार्ड देण्याची व्यवस्था आहे. शिबिरात झालेली पहिली चाचणी वाहक कोण आणि रुग्ण कोण हे नेहमी सांगू शकत नाही, त्यामुळे तेवढ्यावर कोणाविषयी मत बनवू नये.

त्या मुलाचे काय झाले, हे वाचणाऱ्यांच्या मनात असेलच. निदान झाल्यावर त्याने स्वतः सासरी फोन करून सांगितले. मुलीच्या वडिलांनी चार दिवस फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी मुलीनेच आपला एचपीएलसी रिपोर्ट पाठवला, सगळे व्यवस्थित होते. लग्न ठरल्या तिथीला झाले. आता त्याचे औषध नियमित चालू आहे, हिमोग्लोबिन दहाच्या वर आले आहे. मागच्या तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल १०४ चे ११८ झाले. वडिलांना पुन्हा काळजी वाटली, कोलेस्टेरॉल वाढले म्हणून. पेशी कमी फुटत असतील तर आकडा थोडा वर येणे साहजिक आहे, असे डॉक्टरांनी त्यांना समजावले.

अर्जातल्या ओळीचा विषय कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत पुन्हा आहे. येताना घरात असतील ते जुने रक्ताचे रिपोर्ट आणावेत, मोबाइलमधले असतील तर छापून. सोबत चष्माही आणावा, तिसऱ्या पानावरची अक्षरे फार बारीक असतात.